रोपं मोजायची कधी?

२०१८ सालच्या जूनअखेरीस आम्ही उभयता कुमाऊंत होतो. रानीखेतच्या अलीकडे दरड कोसळली आणि रस्ता मोकळा होईपर्यंत तीन तास थांबावं लागलं. रस्त्याला लागूनच रोपवाटिका होती. पाऊस नुकताच सुरू झालेला, त्यामुळे लावणीसाठी रोपं बाहेर काढण्याची लगबग चालली होती. काळ्या पिशव्यांच्या रांगाच्या रांगा, आणि त्यांत चिडाची म्हणजे हिमालयातल्या पाइनची रोपं. वेळ काढायचा म्हणून आत शिरलो. पन्नाशीच्या पुढचा एक माळी होता. त्याच्याशी बोलणं निघालं तसं त्याने विचारलं, ''यातलं एक तुमच्या अंगणात लावायचं तर कोणतं घ्याल?''

मी अर्थातच सर्वांत उंच, तुकतुकीत, गर्द हिरव्या रोपाकडे बोट दाखवलं. हिनेही तेच दाखवलं. चाळीस वर्षांच्या संसारात आमचं एकमत झालं असे जे थोडे प्रसंग आहेत, त्यांतला हा एक. माळी हसला. त्याने ते रोप उचललं, रांगेच्या टोकाकडून वीतभर उंचीचं दुसरं एक खुजं रोप आणलं आणि दोन्ही पिशव्या ब्लेडने फाडून मुळं बादलीत खळखळून धुतली.

उंच रोपाचं सोटमूळ पिशवीच्या तळाशी पोचून घड्याळाच्या स्प्रिंगसारखं गोल गोल फिरलं होतं. बाजूची मुळं जेमतेम चार-दोन. खुज्या रोपाचं खोड मात्र बुंध्याशी दुप्पट जाड होतं, खाली तंतुमुळांचा झुबका होता आणि त्या मुळांना पांढुरका, कापसाच्या धाग्यांसारखा काही तरी लागलेला होता. उंच रोप पुन्हा हातात घेत माळी म्हणाला, ''हे नळाजवळचं आहे. पाणी जास्त मिळालं, युरियाही मिळाला. हे जेठापर्यंत पोचणार नाही.''

जेठ म्हणजे ज्येष्ठ, म्हणजे मे-जूनचं ऊन. लावणी जुलैत आणि परीक्षा पुढच्या मेमध्ये, हा त्याचा हिशेब. तो ऐकला आणि मला एकदम माणदेशातले तात्या आठवले. त्यांची गोष्ट पुढे सांगतो. आधी रोपाची.

रानात आपोआप उगवणाऱ्या चिडाची रीत निराळी आहे. एप्रिल-मेमध्ये बोंडं उकलतात, पंख असलेलं बी वाऱ्यावर गिरक्या घेत खाली येतं आणि पहिल्या पावसाबरोबर रुजतं. वर दिसायला सुयांचा एक छोटा गुच्छ, पण खाली सोटमूळ सरळ खोल निघालेलं असतं. अमेरिकेच्या दक्षिण भागात लाँगलीफ नावाचा एक पाइन आहे. तो तर पहिली काही वर्षं, कधी कधी दहा वर्षंसुद्धा, जमिनीलगत गवताच्या पुंजक्यासारखा बसून राहतो. तिथले लोक या अवस्थेला 'गवती अवस्था'च म्हणतात. अनोळखी माणसाला वाटावं, हे रोप खुरटलं. प्रत्यक्षात या काळात त्याचं मूळ खोल जात असतं आणि बुंधा भरत असतो. तयारी झाली की मग ते असं उसळतं की दोन-तीन वर्षांत माणसाच्या डोक्यावरून जातं.

आपण लावतो त्या रोपाला ही सवड नसते. रोपवाटिकेत त्याला रोज झारीने पाणी मिळालेलं असतं. त्याचं सगळं मूळ पिशवीतल्या ओंजळभर मातीत. ते आपण खड्ड्यात ठेवतो, माती दाबतो, फोटो काढतो. आजूबाजूची जमीन ओली असते हे खरं, पण रोपाचा त्या जमिनीशी अजून संबंध आलेला नसतो. नव्या घरी आलेल्या आणि नळाचं कनेक्शन मिळेपर्यंत स्वतःच्या कळशीवर भागवणाऱ्या बिऱ्हाडासारखी त्याची गत. पिशवीतल्या मातीतलं पाणी हीच कळशी. नवी मुळं बाहेरच्या जमिनीत शिरतील तेव्हा कनेक्शन मिळणार.

इथे एक मोठी अडचण येते. पाइन हा पाण्याच्या बाबतीत कमालीचा जपून वागणारा वृक्ष आहे. त्याच्या सुयांवर मेणाचा थर असतो, पर्णरंध्रं खोबणीत दडलेली असतात आणि जमिनीतलं पाणी कमी होतंय असं जाणवताच तो ती लवकर मिटून घेतो. पाणी वाचतं. पण हवेतला कार्बन डायऑक्साइड आत येण्याचं दारही तेच. ते मिटलं की अन्न तयार होणं थांबतं. नवं मूळ फुटायला तर बऱ्याच अंशी त्या त्या वेळी तयार होणारं अन्नच लागतं. म्हणजे पाणी नाही म्हणून अन्न नाही, अन्न नाही म्हणून मूळ नाही आणि मूळ नाही म्हणून पाणी नाही. बँकेत मी अशी माणसं पुष्कळ पाहिली. तारण नाही म्हणून कर्ज नाही, कर्ज नाही म्हणून धंदा नाही, धंदा नाही म्हणून तारण नाही. या फेऱ्यातून रोप सुटतं ते फक्त लावणीनंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत. जमीन ओली आहे, ढग आहेत, ऊन मवाळ आहे, तेवढ्यात मूळ बाहेर पडलं तर पडलं.

आता तात्या. १९८०च्या दशकात मी माणदेशातल्या एका शाखेत शेतीकर्जांचं काम बघत होतो. पडीक जमिनीवर झाडं लावण्यासाठी कर्ज द्यायची योजना आली होती आणि शाखेला आकडा ठरवून दिलेला होता. जुलैत समारंभ झाला, हार झाले, मंजुरीची पत्रं वाटली. तात्यांची चार एकर मुरमाड जमीन होती. त्यांनी विचारलं होतं, ''सायेब, हितं कुसळाबिगर काय येत न्हाई. झाडं येतील व्हय?'' मी योजनेच्या पुस्तिकेतलं वाचून दाखवलं होतं.

ऑक्टोबरात पाहणीला गेलो. परतीचा पाऊस बरा झाला होता. रांगा मोजल्या. शंभरातली नव्वदच्या वर रोपं जिवंत, कोवळी पालवी फुटलेली. मी तसा अहवाल लिहिला, खाली सही केली. त्या सहीवर दुसरा हप्ता सुटला. तो कुंपण आणि खत यांसाठी होता. पाण्यासाठी पुस्तिकेत रकाना नव्हता. मे महिन्यात वसुलीच्या दुसऱ्या कामासाठी त्या गावावरून जाताना जीप थांबवली. चार एकरांत काड्या उभ्या होत्या. मी काही बोलायच्या आत तात्याच म्हणाले, ''तुमी मोजली तवा जितीच हुती की, सायेब. आता मोजा.''

बोलण्यात राग नव्हता, म्हणून ते जास्त लागलं. कर्ज थकलं. तात्यांनी त्यांच्या पद्धतीने ते फेडलं, एक बैल गेला, शेळ्या गेल्या. माझ्या अहवालात एक अक्षरही खोटं नव्हतं. पुढे माझी बदली झाली, बढतीही झाली. ती सही कुणी काढून दाखवली नाही. पण कुमाऊंच्या त्या माळ्याने 'जेठापर्यंत' हा शब्द उच्चारला तेव्हा मला पहिल्यांदा नेमकं कळलं की माझं चुकलं ते मोजण्यात नव्हे, मोजण्याच्या महिन्यात.

परत आल्यावर मी या विषयावरचं मिळेल ते वाचायला लागलो. निवृत्त माणसाला दुसरा उद्योग काय! वाचताना माझे दोन-तीन समज मोडले, तेही सांगितले पाहिजेत. पहिला समज असा, की रोप उपाशी ठेवलं की काटक होतं. आपल्याकडे हा विचार माणसांनाही लावतात. नत्र जास्त झालं की शेंडा जोरात वाढतो आणि मुळाचा वाटा कमी पडतो, हे खरंच आहे. नळाजवळच्या त्या रोपाचं तेच झालं होतं. वर खर्च मोठा आणि खाली मिळकत तुटपुंजी. पण म्हणून खत बंद करावं असं नव्हे. स्पेनमध्ये कोरड्या डोंगरांवर अलेप्पो पाइनची लागवड करतात. तिथल्या प्रयोगांमध्ये रोपवाटिकेत पोटभर खाल्लेली, चांगली भरलेली रोपं उपाशी रोपांपेक्षा अधिक तगल्याचं दिसून आलं. कारण उघड आहे. अंगात साठवलेलं नत्र मोडून ती हिवाळ्यातल्या पावसात झपाट्याने मुळं सोडतात आणि उन्हाळा यायच्या आत खोल पोचतात. उपाशी रोपाकडे मोडायला गाठीला काही नसतं.

मग युरिया घातलेल्या त्या उंच रोपाचं काय चुकलं? त्याला ताण मिळाला नाही. 'ताण' हा शब्द आपल्या बागायतदाराला शिकवायला नको. संत्र्याचा किंवा डाळिंबाचा बहार धरायचा तर आधी पाणी तोडून झाडाला ताण द्यायचा, हे तो पिढ्यान् पिढ्या करत आला आहे. रोपवाटिकेतही शेवटच्या काही आठवड्यांत नत्र कमी करतात, पाण्याच्या पाळ्या लांबवतात, सावलीची जाळी काढतात. शेंड्याची वाढ थांबते, खोड जाड होतं, सुया निबर होतात. म्हणजे आधी पोटभर आणि मग सोसेल इतकी तहान, असा क्रम आहे. क्रम उलटा केला किंवा दुसरा भाग विसरला की रोप दिसायला देखणं राहतं एवढंच.

आपल्या जुन्या वनाधिकाऱ्यांनी सागाच्या बाबतीत हा मुळाचा आणि शेंड्याचा हिशेब फारच धडाक्याने सोडवला होता. रोपाचा वरचा भाग बोटभर ठेवून छाटून टाकायचा, बाजूची मुळं काढायची आणि जाड सोटमुळाचा वीतभर तुकडा पहारीने पाडलेल्या भोकात खोचायचा. विदर्भात याला सागाची जडी म्हणतात. पान नाही, त्यामुळे पाण्याचा खर्चच नाही. मूळ जमलं की वर कोंब. मला ही युक्ती फार आवडते. पाइनला मात्र असं छाटून चालत नाही, त्याला त्याच्या सुया अंगावर घेऊनच नव्या जागी उभं राहावं लागतं.

आता ते कापसाच्या धाग्यांसारखं पांढुरकं. ती बुरशी होती. बुरशी म्हटलं की आपण औषध फवारायला धावतो. परंतु पाइनच्या मुळांवरची ही बुरशी त्याची भागीदार आहे. तिचे केसाहून बारीक तंतू मुळाला पोचता येत नाही अशा कणाकणांत शिरतात, स्फुरद आणि पाणी गोळा करून आणतात आणि बदल्यात झाडाकडून साखर घेतात. आल्बर्ट बेर्नहार्ड फ्रांक या जर्मन शास्त्रज्ञाने १८८५ साली या भागीदारीला 'मायकोरायझा' हे नाव दिलं. मूळ कामगिरी निराळीच होती. ट्रफल नावाची महागडी भुईछत्री लागवडीखाली आणता येईल का, हे प्रशियाच्या राजवटीसाठी त्यांना शोधायचं होतं. ट्रफलचं राहिलं बाजूला, जंगलाच्या तळाशी चाललेला हा व्यवहार हाती लागला.

हा व्यवहार किती महत्त्वाचा आहे हे पोर्टो रिको बेटावर कळलं. त्या बेटावर मुळात पाइन नव्हते. १९३०च्या दशकापासून तिथे पाइन लावण्याचे प्रयत्न झाले. बी रुजायचं, रोपं काही इंच वाढायची, पिवळी पडायची आणि मरायची. खतं दिली तरी तेच. १९५५ साली अमेरिकेच्या नॉर्थ कॅरोलिना राज्यातल्या पाइनखालची थोडी माती नेऊन रोपांना घातली आणि त्या रोपांनी रंग बदलला, ती वाढीला लागली. त्या मातीत बुरशी होती. इतकी वर्षं सगळं दिलं होतं, भागीदार तेवढा दिला नव्हता. आपल्याकडे कुणी जुनी माणसं नव्या आमराईत रोप लावताना जुन्या आंब्याखालची ओंजळभर माती टाकतात. आंब्याची बुरशी वेगळ्या जातीची, पण त्या माणसांना जे समजलं होतं ते खोटं नव्हतं.

दुसरा समज मोडला तो फिलिप वेकली या अमेरिकन वनसंशोधकामुळे. गेल्या शतकाच्या दुसऱ्या पावात हा माणूस लुइझियाना राज्यात, बोगालुसा गावाच्या परिसरात, पाइनची रोपं लावून त्यांचा वर्षानुवर्षं पिच्छा पुरवत होता. त्याने रोपांच्या प्रती पाडल्या, उंची, खोडाची जाडी, सुयांची ठेवण बघून. आणि मग त्याला असं आढळून आलं की प्रतवारीत वरची रोपं कधी कधी मरतात आणि खालची जगतात. दिसण्यावरून ठरवलेली प्रत वेगळी आणि रोपाच्या आतली प्रकृती वेगळी. खोदून काढलेलं रोप नव्या जमिनीत किती लवकर मूळ फोडेल ते बाहेरून सांगता येत नाही, अशा निष्कर्षाला तो आला. त्याचं १९५४ सालचं जाडजूड पुस्तक दक्षिणेतल्या पाइन लागवडीचा आधारग्रंथ ठरलं. आयुष्यभर केलेल्या प्रतवारीत स्वतःच खोट काढणारा माणूस, म्हणून मला तो जास्त भावला.

म्हणजे त्या माळ्याचं खुजं रोपही जगलंच असेल याची खात्री नाही. जाड खोड आणि भरलेला मुळांचा झुबका यांनी त्याची शक्यता वाढली, इतकंच. आणि पाइनच्या बाबतीत आणखी एक गोम आहे. हे रोप मेलं तरी काही आठवडे हिरवंच दिसतं. आतली पाण्याची वाट तुटलेली असते, तरी सुयांचा रंग उडायला वेळ लागतो. नाताळात घरात आणलेलं तोडलेलं झाड नाही का आठवडेच्या आठवडे हिरवं राहत! तेव्हा मोजणाऱ्याने घाई केली तर मेलेली रोपंसुद्धा जिवंतांच्या रकान्यात जातात, अगदी प्रामाणिकपणे.

कुमाऊंत मात्र चीड जगतो ही तक्रारीचीही बाब आहे, हे सांगायला हवं. तिथल्या बायकांना चारा, पाला आणि झऱ्याचं पाणी देणारा बांज हवा असतो. चिडाखाली पिरूल म्हणजे वाळलेल्या सुयांचा निसरडा थर साचतो आणि उन्हाळ्यात तो भडकतो. इंग्रजांना राळेसाठी आणि रेल्वेच्या स्लीपरांसाठी चीड हवा होता, गावकऱ्यांवर जंगलबंदी आली आणि १९२१ साली कुमाऊंची जंगलं असंतोषाने पेटवली गेली. कोणतं झाड लावायचं हा प्रश्न रोप जगवण्याच्या आधीचा आहे आणि तो गावाला विचारायचा आहे. तात्यांना तो कुठे विचारला होता मी?

आपल्या देशात वनमहोत्सव १९५० साली कन्हैयालाल मुन्शी यांनी सुरू केला. महाराष्ट्रात २०१६ साली दोन कोटी, २०१७ साली चार कोटी, २०१८ साली तेरा कोटी आणि २०१९ साली तेहेतीस कोटी वृक्ष लावण्याचे संकल्प झाले. २०२४च्या जूनपासून आईच्या नावाने एक झाड लावण्याची देशभर मोहीम निघाली. मी या मोहिमांची टवाळी करणार नाही. शाळेतली पोरं चिखलात हात घालून रोप लावतात तेव्हा मला बरंच वाटतं. माझं म्हणणं जुलैच्या आकड्याबद्दल आहे. हा आकडा म्हणजे कर्जवाटपाचा आकडा. बँकेच्या ताळेबंदात तो येणे बाजूला दिसतो आणि काही काळ सगळे खूश असतात. वसुलीचा आकडा मेमध्ये, तोही लागोपाठ तीन मेमध्ये मोजायचा असतो. तो जुलैच्या आकड्याइतक्याच मोठ्या टाइपात, गावाच्या नावानिशी छापला जावा, एवढी माझी मागणी आहे.

कुणी म्हणेल, मग पैसेच मेच्या मोजणीनंतर द्या. बँकवाल्याला हे पटकन सुचतं, मलाही सुचलं होतं. पण तसं केलं असतं तर तात्यांच्या पदरात काय पडलं असतं? रोपं तर मेलीच असती, वर हप्ताही बुडाला असता. त्यांना पैसे हवे होते फेब्रुवारीत, बैलगाडीवर पिंप ठेवून पाणी आणायला. आणि त्याआधी, ऑक्टोबरात, रोपाभोवतीचं कुसळ उपटायला मजुरी हवी होती. गवत काढणं हे निम्मं पाणी देण्यासारखंच असतं. परतीच्या पावसाची ओल कोवळ्या मुळाच्या आधी गवतच पिऊन टाकतं. शिवाय बांध घालून वरचं पाणी अडवायचं, आळ्यात पालापाचोळा पसरायचा. यांतलं एकही काम फोटोत येत नाही. अंदाजपत्रकात मात्र येऊ शकतं. लावणीच्या खर्चाला जोडून तीन वर्षांच्या या कामांचा खर्च आधीच बाजूला काढलेला नसेल, तर त्या गावात तेवढी रोपं लावूच नयेत. शंभराऐवजी तीस लावावीत.

आमच्या भागात सकाळी फिरायला येणारे आम्ही सात-आठ जण गेली चार वर्षं जवळच्या टेकडीवर झाडं लावतो. आमचा आकडा सांगण्यासारखा नाही. आपटा, बहावा, कडुनिंब, थोडा पळस. पाइन नाही, इथे तो आपला नव्हे. गेल्या मे महिन्यात मी मोजणीची वही काढली तेव्हा एक मित्र म्हणाला, ''अहो, आत्ता कशाला? सगळ्या काड्याच दिसताहेत. पावसाळ्यात पालवी आली की मोजू, बरं तरी वाटेल.'' मी त्याला सावलीत बसवलं आणि एकटाच गेलो. बहाव्याच्या पहिल्या काडीची साल नखाने जराशी खरवडली. कोरडी, तपकिरी. दुसरीही तशीच. तिसरीच्या सालीखाली ओलसर हिरवी रेघ दिसली. वहीत तिच्यापुढे खूण केली आणि चौथीकडे वळलो.